मशीन आलं, तरी घरकामाचा वेळ का कमी होत नाही?

घरात वॉशिंग मशीन, मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर सगळं असूनही कामाला दिवस पुरत नाही, असं का होतं, हा तुमचा प्रश्न.

कष्ट नक्कीच कमी झाले, पण वेळाचं गणित वेगळं आहे. समाजशास्त्रज्ञ जोॲन व्हॅनेक यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या नोंदी ताडून पाहिल्या. बाहेर नोकरी न करणाऱ्या गृहिणीला १९२४ मध्ये घरकामाला आठवड्याला साधारण ५२ तास लागत, १९६० च्या दशकात ५५! कपडे धुण्याचा वेळ तर मशीन येऊनही वाढला होता.

कारण मशीन फक्त घासतं, खळबळतं आणि पिळतं. ते तास-दीड तास चालतं तेव्हा आपण मोकळेच असतो. हात अडकतात ते आधी आणि नंतर: खिसे तपासा, पांढरे-रंगीत वेगळे करा, वाळत घाला, काढा, घड्या घाला, इस्त्री करा, कपाटात लावा. त्यात धुणं सोपं झालं की दोनदा घालायचा शर्ट एकदाच घालून टाकला जातो, चादरी लवकर बदलल्या जातात. लोड वाढले की घड्याही वाढल्या.

म्हणून मशीनवरची मिनिटं सोडा, आठवडाभर हातांची मिनिटं लिहून काढा. त्यातला काही वेळ दुबार धुण्यात जातो, तो मशीन नीट भरलं तर वाचतो. ७ किलोचं मशीन म्हणजे सुती प्रोग्रॅमवर ७ किलो सुके कपडे. क्विक वॉशला ही मर्यादा बरीच कमी असते. फ्रंट लोडमध्ये कपड्यांच्या वर उभा पंजा मावला पाहिजे. ठासून भरलं की पावडर नीट विरघळत नाही, गडद कपड्यांवर पांढरे पट्टे राहतात आणि तोच लोड पुन्हा लावावा लागतो. पावडर जास्त पडली तरी तेच: फेसामुळे कपडे आपटत नाहीत, मळ तसाच राहतो.

मशीन थांबेल तेव्हा घरात कुणीतरी असेल, अशी वेळ धरून सुरू करा. ओले कपडे ड्रममध्ये पडून राहिले की चुण्या बसतात, कुबट वास येतो. शर्ट लगेच झटकून, कॉलर आणि बटणांची पट्टी हातानं ओढून हँगरवर टाकला तर इस्त्रीचं काम कमी होतं.

अमेरिकेत बायकांचा घरकामाचा वेळ ठळकपणे घटला तो १९६५ नंतर, आणि त्याच काळात पुरुषांचा वाढला. तेव्हा मशीन लावणारा एक आणि घड्या घालणारा दुसरा, ही वाटणी मला कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा महत्त्वाची वाटते.