गेम खेळण्यात वेळ वाया जातो का? नवख्यांसाठी थोडं

वेळ सत्कारणी लागतो की वाया जातो, हे गेम कोणता निवडता त्यावर ठरतं. म्हणून पहिला गेम शेवट असलेलाच घ्या. २००७ चा 'पोर्टल' बघा. भिंतीवर किंवा जमिनीवर दोन दारं उघडायची, एकातून शिरायचं, दुसऱ्यातून बाहेर पडायचं, एवढंच. पण खाली जमिनीवरच्या दारात उंचावरून उडी मारली की तोच वेग भिंतीतल्या दारातून तुम्हाला आडवं भिरकावतो. हे पहिल्यांदा डोक्यात शिरतं ना, तिथे पैसे वसूल! दोन-तीन संध्याकाळींत संपतो.

नवखे हमखास इथे फसतात:

- रोजच्या हजेरीला बक्षीस देणारे फुकटे मोबाइल गेम. सवय लावणं हाच त्यांचा धंदा. तूर्तास लांब राहा.
- सेलमध्ये ढीगभर गेम घेऊन एकही न संपवणं. एकच घ्या. स्टीमवर (कॉम्प्युटर गेम विकणारं ऑनलाइन दुकान) खरेदीपासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात.
- उगाच 'हार्ड'वर खेळणं. 'ईझी' लावा, कोण बघतंय!

ग्राफिक्स कार्ड, एफपीएस (सेकंदाला पडद्यावर किती चित्रं दिसतात तो आकडा) वगैरे आत्ता नकोच. आणि कंटाळा आला तर गेम अर्धवट सोडायला अजिबात लाजू नका.