तलवारीचा हात खांद्यातून येतो

गेल्या अंकात आवडत्या व्हिडिओ गेम्सबद्दल लिहिताना मी 'रेड स्टील २'चं नाव एका ओळीत घेतलं आणि पुढे गेले. त्या एका ओळीवर आलेली पत्रं वाचल्यावर वाटलं, या खेळाला आपण फार कमी जागा दिली. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याला आणि हात हलवून खेळण्याच्या प्रश्नाला.

दुबईच्या मामांनी त्यांचा जुना वी (हातातला रिमोट हलवून खेळायचं निन्टेन्डोचं यंत्र) मला दिला, सोबत 'रेड स्टील २'ची डिस्क. पहिला भाग मी कॉलेजात मित्राकडे खेळलो होतो. तेव्हा तलवार हातात असूनही ती दुसराच कोणीतरी चालवतोय असं वाटायचं. दुसऱ्या भागात तसं होत नाही, पण चिलखत घातलेल्या शत्रूंवर माझे वार बोथट पडतात आणि रात्री दंड दुखतो. मित्र म्हणतात, हात हलवून खेळणं म्हणजे पोरखेळ. दोष खेळाचा की माझा?
— एक वाचक, मिरज

पहिल्या भागाबद्दल तुम्हाला जे वाटलं ते शंभर टक्के बरोबर आहे. त्याचं कारण समजून घेतलंत तर दुसऱ्या भागातले बोथट वारही सुधारतील.

नोव्हेंबर २००६मध्ये वी आला, तेव्हा युबिसॉफ्टच्या पॅरिसच्या स्टुडिओने पहिला 'रेड स्टील' त्याच्यासोबतच आणला. त्या वेळच्या रिमोटमध्ये हालचाल ओळखायला त्वरणमापक, म्हणजे वेगातला बदल मोजणारा सेन्सर होता. रिमोट स्थिर धरलात तर गुरुत्वाकर्षणावरून तो किती कलला आहे, हे त्याला कळतं. पण हात जोरात फिरला की त्यातला कल किती आणि झटका किती, हे त्याला वेगळं काढता येत नाही. त्यातून हात डावीकडून उजवीकडे आडवा फिरवलात तर गुरुत्वाकर्षणाचा आधारही उरत नाही. मग खेळ काय करायचा? झटका आला एवढं ओळखून आधीच तयार करून ठेवलेला एखादा वार पडद्यावर दाखवायचा. तुम्ही तिरका काप दिलात, पडद्यावर आडवा दिसला. शिवाय तलवार बाहेर काढायची मुभा खेळ म्हणेल तिथेच, एरवी सगळं बंदुकीवर.

माझा भाऊ २००७च्या दिवाळीत वी घेऊन कोल्हापूरला आला, तेव्हा मी हा खेळ पहिल्यांदा खेळले आणि अर्ध्या तासात रिमोट खाली ठेवला. फार वाईट वाटलं होतं. लहानपणी आमच्या पेठेतल्या तालमीत मी मर्दानी खेळ शिकले. आधी लाठी, मग तलवार आणि सगळ्यात शेवटी पट्टा. पट्ट्याची मूठ म्हणजे हातावर कोपराकडे चढणारं लोखंडी आवरण. आत हात घातला की मनगट वळतच नाही. वार खांद्यातून काढावा लागतो आणि त्याआधी पाय हलावा लागतो. वस्ताद पहिले कित्येक दिवस नुसते पायच करून घ्यायचे. ज्याने हे केलंय, त्याला स्वतःचा हात एकीकडे आणि पडद्यावरचा हात दुसरीकडे गेलेला बघवत नाही.

२००९मध्ये निन्टेन्डोने मोशनप्लस आणला. रिमोटच्या बुडाला लावायचा, काडेपेटीहून थोडा मोठा तुकडा. त्यात जायरोस्कोप आहेत. रिमोट कोणत्या अक्षाभोवती किती वेगाने फिरतोय, हे ते मोजतात आणि आडव्या फिरवण्याचं कोडंही त्यामुळे सुटतं. मार्च २०१०मध्ये 'रेड स्टील २' आला तो मोशनप्लसशिवाय चालणारच नाही अशा अटीवर. ज्यांच्या घरी आधीच वी होता, त्यांनाही हा तुकडा वेगळा घ्यावा लागला, नाहीतर डिस्कसोबत त्याचा जोड मिळायचा तो. जुन्या रिमोटवरही कसाबसा चालणारा खेळ काढला असता तर गिऱ्हाईक जास्त मिळालं असतं. तसं केलं नाही, म्हणून या मंडळींबद्दल मला आदर आहे.

आता तुमचे बोथट वार. पुष्कळांना वाटतं की मोशनप्लस आला म्हणजे पडद्यावरची तलवार आपल्या हाताची सावली होणार. 'रेड स्टील २'मध्ये तसं नाही, आणि माझ्या मते नाही तेच बरं. तुमच्या हातात वजन नाही, समोर लोखंडाला लोखंड लागत नाही. पडद्यावरची तलवार शत्रूच्या तलवारीवर अडली तरी तुमचा हात पुढे जातच राहणार. अशा वेळी नुसती सावली खोटी वाटते. हा खेळ तुमच्या हाताला दोनच गोष्टी विचारतो: वार कोणत्या दिशेने आणि किती जोराचा? उत्तर मिळालं की वार त्याचा तो पुरा करतो. मनगटाचा झटका दिलात तर हलका काप बसतो, पुरा हात घातलात तर जड वार पडतो. चिलखत फुटतं ते जड वारानेच.

म्हणून असं करा. सोफ्यावरून उठा. डावा पाय थोडा पुढे. रिमोट उजव्या खांद्याच्या वर न्या आणि तिथून डाव्या कमरेपर्यंत एकच लांब काप द्या. काप पूर्ण झाल्यावर क्षणभर थांबा. सगळी चूक इथे न थांबल्याने होते. घाईत हात परत वर नेला की खेळ त्या परतीच्या हालचालीलाच दुसरा वार समजतो, तुमची लय तुटते आणि शत्रूला फट मिळते. बचावासाठी ए बटण दाबून धरा आणि समोरून येणाऱ्या वाराप्रमाणे रिमोट उभा किंवा आडवा ठेवा. यात बंदूक वेगळी काढावी लागत नाही. बी दाबला की गोळी सुटते, हात फिरवला की तलवार येते. एका शत्रूचं चिलखत तलवारीने फोडताना दुसऱ्याला गोळीने लांब ठेवायचं, ही लढाईची लय एकदा हाताला बसली की तुम्ही पहिला भाग विसरून जाल.

दंड दुखतो त्याचं म्हणाल तर सेटिंगमध्ये तलवारीची संवेदनशीलता बदलता येते, ती हलक्या हाताला मानवेल अशी करून पाहा. पहिले काही दिवस अर्ध्या तासापुढे जाऊ नका. स्नायू दुखला तर तो दोन दिवसांत बसतो. सांधा दुखला तर मात्र लगेच थांबा.

खेळात उणिवा आहेत, त्या लपवणार नाही. कथा तोकडी आहे. काल्डेरा नावाचं वाळवंटातलं शहर, कुसागारी घराण्याचा शेवटचा उरलेला योद्धा, सुरुवातीलाच त्याला मोटरसायकलमागे बांधून फरफटत नेतात. ही सुरुवात जबरदस्त आहे, पण पुढे कथा तिच्या तोडीची होत नाही. त्याच त्या गल्ल्या, तीच ती दारं. पहिल्या भागात घरातले चौघे एकत्र बसून खेळू शकत, ती सोयही इथे गेली. रंग मात्र अजून ताजे आहेत. शाईने रेघा ओढून भरल्यासारखं चित्र असल्यामुळे ते पहिल्या भागासारखं जुनं पडलेलं नाही.

राहिला पोरखेळाचा मुद्दा. या दुसऱ्या भागाचे क्रिएटिव्ह डायरेक्टर जेसन व्हँडेनबर्ग यांनी पुढे 'फॉर ऑनर' घडवला. २०१७चा हा खेळ साध्या कंट्रोलरवर चालतो. त्यात हात हलवावा लागत नाही, पण डावीकडून, उजवीकडून की वरून, हे स्टिकने ठरवल्याशिवाय वारही नाही आणि बचावही नाही. समोरच्याच्या शस्त्राची दिशा वाचून आपली दिशा ठरवायची, हा विचार दोन्हीकडे आहे. मित्रांना तो खेळायला द्या, मग पुन्हा बोला.

मुलगा १४ वर्षांचा आहे. अमेरिकेतले दीर त्यांच्याकडचा वी आणि हाच खेळ पाठवू का विचारतायत. आमचा हॉल दहा बाय बारा. मारामारीची काळजी वाटते आणि टीव्ही फुटण्याचीही.
— एक आई, डोंबिवली

अमेरिकेत या खेळाला 'टीन' म्हणजे १३ वर्षांवरच्यांसाठी असा दर्जा आहे. मारामारी भरपूर आहे, पण रक्ताचे सडे नाहीत. पहिला एक तास तुम्ही त्याच्या शेजारी बसा आणि स्वतः ठरवा. दर्जाच्या अक्षरापेक्षा तुमच्या नजरेवर माझा जास्त विश्वास आहे.

जागा पुरेल. सोफा भिंतीला टेकवा, टीपॉय बाहेर काढा. टीव्हीपासून सहा फुटांवर जमिनीवर खडूची रेघ मारा आणि पुढे यायचं नाही असं बजावा. लढाईच्या भरात माणूस नकळत पुढे सरकतो. पंख्याखाली उभं राहू देऊ नका. उंच मुलाने डोक्यावरून वार केला तर हात आणि रिमोट मिळून पात्यांपर्यंत पोचू शकतो. रिमोटची दोरी मनगटात हवीच. डाव्या हातातल्या नन्चकची, म्हणजे छोट्या जोड-कंट्रोलरची वायर रिमोटला जोडलेली असते, ती हाताला गुंडाळली जात नाही ना हेही बघा.

विजेचं मात्र नीट ऐका. अमेरिकेतल्या वीचा अॅडॉप्टर १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. माझा पहिला अॅडॉप्टर याच कारणाने गेला. विकणारा "चालतो हो" म्हणाला, मी प्लग लावला आणि जळका वास आला. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या किंवा वीसाठीचा २३० व्होल्टवर चालणारा अॅडॉप्टर शोधा. अमेरिकेतल्या वीवर युरोपातल्या डिस्क चालत नाहीत, म्हणून दिरांना मशीन आणि डिस्क दोन्ही तिकडूनच पाठवायला सांगा. रिमोटला मोशनप्लस लावलेला आहे की नाही, हेही विचारा. तो नसेल तर हा खेळ सुरूच होणार नाही.

वय ५२, उजवा खांदा आखडलेला. निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर 'स्कायवर्ड स्वोर्ड' हा तलवारीचा खेळ मी बटणं आणि स्टिक वापरून पूर्ण केला. मुलगा म्हणतो, हा खेळ हातानेच खेळायचा, तू खेळलास तो खरा नाही.
— एक वाचक, ठाणे

तुम्ही तो खेळलात आणि पुरा केलात. मुलाला माझ्याकडून एवढं सांगा.

'स्कायवर्ड स्वोर्ड' नोव्हेंबर २०११मध्ये वीवर आला तेव्हा त्यालाही मोशनप्लस सक्तीचा होता. त्या काळी तुमच्यासारख्या खांद्याच्या माणसाला तो बंदच होता. जुलै २०२१मध्ये स्विचवर आला तेव्हा उजव्या स्टिकने वार करायची सोय दिली. ती देताना खेळाचा आत्मा त्यांनी जपला. वनस्पतीराक्षसाचं तोंड आडवं उघडलं असेल तर आडवाच काप हवा, उभं असेल तर उभा, हे स्टिकवरही पाळावंच लागतं. घिराहिम हा खलनायक तुमची तलवार बोटांत पकडतो, म्हणून एका बाजूला धरल्याचं भासवून दुसरीकडून मारायचं, तेही तुम्ही केलंच असणार. म्हणजे वाचायचं, ठरवायचं आणि फसवायचं काम तुम्हीच केलंत. कॅमेरा फिरवायला एल दाबून ठेवावा लागतो ही अडचण मलाही जाचली.

मी स्वतः दोन्ही तऱ्हांनी खेळले. हाताने खेळताना आनंद जास्त, हे खरं सांगते. पण स्विचच्या जॉय-कॉनला, म्हणजे हातातल्या कंट्रोलरला, टीव्ही कुठे आहे ते दिसत नाही. नुसत्या जायरोवर चालल्यामुळे नेम हळूहळू सरकतो आणि दर थोड्या वेळाने वाय दाबून मध्यावर आणावा लागतो. चुरशीच्या लढाईत ते फार बोचतं.

'रेड स्टील २'विरुद्ध माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे ती बटणांवर खेळायची अशी सोय नसल्याची. संवेदनशीलता बदलून हाताचं काम थोडं हलकं होतं, पण ज्याला हात उचलताच येत नाही त्याच्यासाठी दुसरी वाट ठेवलेली नाही. पट्टा खेळणाऱ्या माझ्या वस्तादांचा उजवा खांदा साठीत गेला, तेव्हा ते डाव्या हाताने शिकवू लागले. त्यांनी पट्टा सोडावा असं तालमीत कोणाच्या मनातही आलं नाही. तुमच्या खांद्यालाही कोणी हिशेबात धरलं, याचा मला आनंद आहे. व्यायाम चुकवू नका, आखडलेला खांदा वेळ घेतो पण पुष्कळदा सुटतो.

'रेड स्टील २'मध्ये तलवार नीट चालते, पण बंदुकीचा नेम फक्त संध्याकाळी उड्या मारतो. दुपारी एकदम ठीक. रिमोट बिघडलाय का?
— एक वाचक, पुणे

तुमच्या टीव्हीजवळ देवघर आहे का? संध्याकाळी तिथे समई लागते का?

तलवार मोशनप्लसवर चालते, नेम मात्र इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर. टीव्हीखालच्या पट्टीला सेन्सर बार म्हणतात, पण ती काहीच ओळखत नाही. तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे आहेत, एवढंच. बघणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो आणि त्या दोन ठिपक्यांवरून तो नेम काढतो. ज्योतीतूनही इन्फ्रारेड निघतं. समई दिसली की कॅमेऱ्याला तिसरा ठिपका मिळतो आणि नेम तिच्याकडे उडी मारतो. समई टीव्हीच्या काटकोनातल्या भिंतीकडे न्या, किंवा दिवा शांत झाल्यावर खेळा.

खात्री करायची असेल तर एक प्रयोग करा. घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या आणि तलवार अजिबात उगारू नका. सेन्सर बार काढून ठेवा. टीव्हीसमोर एकमेकींपासून वीतभर अंतरावर दोन पणत्या लावा आणि वीच्या मेन्यूवर रिमोट रोखा. पडद्यावरचा हात त्या दोन ज्योतींवर नेमका हलेल.