नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्याच्या, काठी होडीवर तीन-चार दिवस मुक्काम करायचा तर काय काय बघावं लागतं?

तुम्ही विचारलंय की मासेमारीची होडी घेऊन पैठणच्या वरच्या अंगाला, कायगावच्या बाजूला, तीन-चार दिवस थांबायचं आहे. गाव मायेचं आहे, पण होडीवरचं रोजचं राहणं कसं जमवायचं? अठरा-वीस फुटी पत्र्याची होडी आणि मार्च ते मे हे दिवस धरून सांगतो.

आधी होडी लावायचं बघा, बाकी सगळं त्यावर आहे. धरणाची कड घाटासारखी एका जागी राहत नाही. जायकवाडी भरलं की पाणी समुद्रसपाटीपासून १५२२ फुटांवर असतं. तिथून कालवे, उपसा आणि ऊन मिळून ते उन्हाळाभर उतरत जातं. काठ पसरट असला तर पाणी दोन बोटं उतरलं तरी कड दोन-तीन हात मागे सरते. पहिल्या दिवशी नाक काठावर चढवून ठेवलेली होडी तिसऱ्या दिवशी चिखलात बसलेली दिसते. काळ्या गाळात बसलेली होडी चार जणांनाही ओढवत नाही, कारण तळ गाळाला घट्ट चिकटलेला असतो. अशा वेळी सरळ ओढूच नका. दोघांनी दोन बाजूंना धरून आधी आडवी डोलवा. तळाखाली पाणी शिरलं की ‘फस्स’ असा आवाज येतो, मग ती एका हिसक्यात सुटते.

म्हणून मांडीभर पाण्यात ठेवा. नाक वाऱ्याकडे करून नांगर टाका आणि दोर खोलीच्या पाच-सहा पट सोडा. दोर आखूड असला तर नांगराला वरच्या दिशेने ओढ बसते आणि तो गाळातून निसटत येतो. मागच्या बाजूला दोन बांबू दोन-अडीच फूट रोवून त्यांना सैल दोर बांधा. दोर रोज सकाळ-संध्याकाळ बघावा लागतोच.

शेतकऱ्यांच्या मोटारी, पाइप, तराफे यांना चुकूनही होडी बांधू नका. पाणी मागे जाईल तशा मोटारी पुढे सरकवतात, त्यामुळे वायरीला जागोजागी जोड असतात. पत्र्याची होडी अशा जोडावर घासली तर जीवावर बेततं.

दुपारनंतर पश्चिमेला काळं झालं की सावलीची ताडपत्री लगेच उतरवा. वळवाच्या वाऱ्यात ती शिडासारखी फुगते आणि नांगरासकट होडी ओढून नेते. दुसरा दोर तेव्हाच टाकायचा. वारा सुटल्यावर हात पुरत नाहीत.

सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे तळातलं पाणी डब्याने उपसणं. रोज किती डबे निघतात ते लक्षात ठेवा. पाऊस नसताना डबे वाढले तर पत्रा जोडणारे रिपीट (रिव्हेट) ढिले झालेत किंवा सांधा गळतोय. तात्पुरतं एमसील चालतं, पण पत्रा कोरडा करून घासल्याशिवाय ते धरत नाही.

प्यायला माणशी रोज पाच लिटर पाणी धरा. गावातून जार घ्या किंवा हापशावरून भरा. धरणातलं पाणी भांड्यांना ठीक, प्यायचं असेल तर उकळूनच. साबण आणि माशांची घाण मात्र पाण्यात टाकू नका. छत्रपती संभाजीनगर आणि जालना हेच पाणी पितात. घाण काठापासून लांब खड्ड्यात पुरा, शौचालाही गावातच जा.

चूल शक्यतो काठावर, तीन दगडांची. होडीवरच पेटवायची तर तेलाचा पत्र्याचा डबा आडवा कापून आत चार बोटं माती थापा, नाहीतर खालची फळी करपते. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि जवसाची चटणी असली की दिवसातून एकदाच चूल पुरते. मासे ठेवायचे तर उन्हात किलोला किलोभर बर्फ लागतो. बर्फ फोडून खाली, मध्ये आणि वर, असा थर लावा. खोक्याला खाली भोक हवं, वितळलेल्या पाण्यात मासा लवकर मऊ पडतो.

गावात आल्या आल्या पोलीस पाटलांना भेटा, कुठून आलात आणि किती दिवस थांबणार ते सांगा. जाळं टाकायच्या आधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारा, मासेमारीचा हक्क कोणाकडे आहे ते तिथेच कळतं. हे पक्षी अभयारण्यही आहे, तेव्हा बेटांवर उतरू नका. पाणी हटलेल्या गाळात लोक गाळपेर करतात. टरबुजाच्या वेलांतून वाट काढू नका, बैलगाडीच्या चाकोरीने जा. सप्ताह चालू असेल तर मामा, मावशी पंगतीला बोलावतीलच. जरूर जा, पण हातपाय धुऊन, आणि त्या दिवसांत मासे विकायला गावात नेऊ नका.

निघताना रोवलेले बांबू उपटून घ्या. निघत नसतील तर गोल फिरवा, गाळ पकड सोडतो. तसेच राहिले तर पावसाळ्यात पाणी चढल्यावर दिसत नाहीत, आणि दुसऱ्या कोणाचं जाळं त्यात फाटतं.