गेम बंद केली तरी डोक्यातून जात नाही, हे वेड आहे का?

तुम्ही विचारलंय, रात्री शूटिंगची गेम खेळल्यावर सकाळी स्टेशनला जाताना नजर आपोआप गच्च्यांकडे आणि खिडक्यांकडे वळते, हे वेडाचं लक्षण तर नाही ना? अजिबात नाही.

माझ्या बाबतीत हे ब्लॉक रचायच्या गेममुळे झालं. कुर्ल्याला गाडीत चढलो की लक्ष वरच्या रॅककडे. ती काळी सॅक आडवी केली तर डब्याच्या पिशवीशेजारच्या फटीत चपखल बसेल, हे मनात येऊनही जायचं. अक्षरशः हात शिवशिवायचे.

हार्वर्डचे संशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली यावरच प्रयोग केला. टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे तुकडे रचायची गेम, खेळलेल्या २७ जणांपैकी १७ जणांना डोळा लागता लागता तेच पडणारे तुकडे दिसले. या २७ जणांत पाच जण नव्या आठवणी न टिकणारे, स्मृतिलोपाचे रुग्ण होते. आपण गेम खेळलो हेही त्यांना आठवत नव्हतं, तरी त्यांतल्या तिघांना तुकडे दिसले! मला हे फार विलक्षण वाटतं. आठवण पुसली गेली तरी सराव मागे उरतो, आणि मेंदू तो घोटत बसतो. तुमची नजर गच्चीकडे जाते तीही या सरावामुळेच, असं मला वाटतं.

बरं, हे फक्त गेमचंच नाही. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या पाहणीत जवळपास पाचातल्या एका वाचकाने सांगितलं होतं की पुस्तक मिटल्यावरही त्यातली पात्रं सोबत राहतात. कादंबरीच्या बाबतीत हे झालं तर आपण कौतुक करतो, गेमच्या बाबतीत मात्र घरचे घाबरतात. हा दुजाभाव मला पटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या गेमिंग डिसऑर्डरच्या व्याख्येत असं काही दिसणं हा निकषच नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याआधी गेम येणं आणि नुकसान होत असूनही खेळत राहणं, हे निकष आहेत. तेव्हा झोप, नोकरी, घरच्यांशी बोलणं नीट चालू आहे का, ते बघा.

फक्त गाडीच्या दारात उभे असाल किंवा रस्ता ओलांडत असाल, तेव्हा सांभाळा. तिथे क्षणभर लक्ष उडालं तरी महागात पडतं. आणि दिसतंय ते गेममधलं की खरं, हेच कळेनासं झालं, तर वाट न बघता डॉक्टरांना भेटा. तुम्हाला तो फरक कळतोय, म्हणून तर तुम्ही हा प्रश्न विचारलात.