विंगेतून वायरलेस माईकवर लक्ष कसं ठेवायचं?

बारा बॉडीपॅक (नटाच्या अंगावरचे वायरलेस माईकचे ट्रान्समीटर) आहेत, मिक्सर प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला आहे आणि बिघडलेला माईक नट रंगमंचावर जायच्या आधी ओळखायचा आहे, असं तुम्ही विचारलंय. हे काम मिक्सरवरच्या माणसावर टाकू नका. तो एन्ट्रीच्या क्षणी फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर करतो. खरखर त्याला कळते तेव्हा ती प्रेक्षकांनीही ऐकलेली असते. विंगेत वेगळा माणूस बसवा.

रिसीव्हर (पॅकचा सिग्नल पकडणारी यंत्रं) विंगेत ठेवा, म्हणजे अँटेनाही नटांच्या जवळ राहतात. बऱ्याच रिसीव्हरना एक्सएलआर आणि जॅक अशी दोन आउटपुट असतात, दोन्ही एकाच वेळी चालतात. एक्सएलआर मुख्य मिक्सरला द्या, जॅक एका छोट्या मिक्सरला. तिथे एकेका चॅनेलचं पीएफएल (फक्त तोच चॅनेल हेडफोनमध्ये ऐकवणारं बटण) दाबून ऐकायचं. मुख्य मिक्सरवर माईक म्यूट असला तरी इथे तो ऐकू येतोच. हेडफोन बंद कपांचा घ्या, पण एक कान इंटरकॉमसाठी मोकळा ठेवा.

प्रत्येक एन्ट्री संहितेत खूण करून ठेवा आणि त्याच्या दोन मिनिटं आधी तो माईक ऐका. नटाला बोलायला लावायची गरज नाही. श्वास आणि कपड्यांची सळसळ स्वच्छ आली की झालं. (रंगपटातल्या गप्पाही ऐकू येतील. त्या तिथेच सोडायच्या.)

संगणकावरचे मीटर उपयोगी, पण घामाने भरलेली कॅप्सूल (माईकचा आवाज पकडणारा भाग) त्यांना दिसत नाही. आरएफ (रेडिओ सिग्नल) पूर्ण, ऑडिओचा काटाही हलतोय, आणि आवाज मात्र रजईखालून आल्यासारखा, वरची धार गेलेली. माईकची टोपी काढून टिश्यूने हलकेच टिपा किंवा सुकी टोपी लावा. तरी आवाज उघडला नाही तर माईक बदला. दाबलेल्या हवेचा डबा जवळून मारू नका, माईकच्या आतला पडदा फाटू शकतो.

खरखर येत असेल तर पॅक हातात धरून फक्त प्लगजवळची वायर हलवा. तेव्हाच खरखर होत असेल तर माईकची वायर गेली, पॅक बहुधा ठीक आहे. आवाज क्षणभर तुटला आणि त्याच क्षणी आरएफ मीटरही पडला, तर पॅकची अँटेना बघा: दुमडलेली किंवा ओल्या अंगाला चिकटलेली असते, आणि शरीर सिग्नल शोषून घेतं. रिसीव्हरवर दोन अँटेनांचे ए आणि बी असे दिवे असतात, त्यातला एकच दिवा कायम लागत असेल, तर दुसऱ्या अँटेनाची केबल तपासा.

बॅटऱ्या दर प्रयोगाला नव्या किंवा पूर्ण चार्ज केलेल्या. रिचार्जेबल असतील तर पॅकमध्ये तो प्रकार निवडा, नाहीतर मीटर चुकीचं दाखवतो. शिवाय त्यांचा व्होल्टेज बराच वेळ टिकतो आणि शेवटी एकदम कोसळतो.

जादा पॅक स्वतःच्या वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर तयार ठेवा. त्याच फ्रिक्वेन्सीवर आणायचा असेल तर आधी जुना बंद करा. दोन पॅक एकत्र चालू राहिले की दोघांचाही आवाज बिघडतो.

इंटरकॉमवर आधी नंबर, मग बिघाड: "सात, घाम, बदलतोय, उघडू नका." नवा माईक स्वतः ऐकल्यावरच "सात तयार" म्हणा.