दोन टोकांमधलं मोजताना

प्रिय मुली,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. तीन तक्रारी आहेत, आणि एकीचा दुसरीशी काही संबंध नाही अशा थाटात लिहिल्या आहेस. कीबोर्डच्या क्लासात 'थर्ड' आणि 'थर्ड' मिळून 'फिफ्थ' होतो, म्हणजे तीन अधिक तीन पाच, हे तुला पटत नाही. अ‍ॅनालिसिसच्या तासाला कंस गोल की चौकोनी यावर वेळ घालवतात, तो तुला नुसता किस काढल्यासारखा वाटतो. आणि बीएस्सीनंतर एक वर्ष गाण्यासाठी घेतलंस, त्या 'गॅप'बद्दल आता जो तो विचारतो. शिष्यवृत्तीच्या अर्जातही खुलासा मागितलाय.

मला यात एकच दुखणं दिसतं. दोन ठिकाणांमधलं अंतर मोजताना ती दोन ठिकाणं धरायची की सोडायची, हे तू आधी विचारत नाहीस. थेट मोजायला बसतेस.

कीबोर्डचं आधी निस्तरू. सा, रे, ग हे झाले तीन स्वर, म्हणून सा ते ग 'थर्ड'. ग, म, प हेही तीन, म्हणून ग ते प पुन्हा 'थर्ड'. सा ते प पाच. मधला ग दोनदा मोजला गेला, एवढंच. ही मंडळी पावलं मोजत नाहीत, पाय जिथे जिथे टेकला ती ठिकाणं मोजतात, दोन्ही टोकं धरून. पावलं मोजलीस तर दोन अधिक दोन चार, हिशेब चोख. हसू नकोस, आपणही तेच करतो. शिंपी सोमवारी 'आठ दिवसांनी या' म्हणाला की आपण पुढच्या सोमवारी जातो, मंगळवारी नाही. 'पंधरा दिवसांनी' म्हणजे चौदाच. यात चूक कुणाचीच नाही. मात्र एकाने ठिकाणं मोजली आणि दुसऱ्याने पावलं, की भांडण ठरलेलं.

आता जरा सावकाश वाच, कारण पुढचं मला फार आवडतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्रामातल्या, म्हणजे सापासून सुरू होणाऱ्या जुन्या सप्तकातल्या, सात स्वरांना श्रुती, म्हणजे सुरांच्या बारीक पायऱ्या, वाटून दिल्या आहेत: सा 4, रे 3, ग 2, म 4, प 4, ध 3, नि 2. एकूण 22. तू परीक्षेसाठी हे पाठ केलं असशील. पण साच्या चार श्रुती म्हणजे साच्या खालच्या की वरच्या? भरताच्या रीतीने स्वर आपल्या शेवटच्या श्रुतीवर बसतो. म्हणजे साच्या चार श्रुती निषादापासून सापर्यंत चढताना लागतात. मग सा ते रे 3, रे ते ग 2, ग ते म 4, म ते प 4, प ते ध 3, ध ते नि 2, नि ते सा 4. पेटीवर हे अदमासे वाजवून बघ. गंधार आणि निषाद कोमल लागतात, आजच्या काफी थाटाच्या अगदी जवळ.

संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी आधुनिक पद्धत बांधताना स्वर पहिल्या श्रुतीवर ठेवला. आकडे तेच, क्रम तोच: 4, 3, 2, 4, 4, 3, 2. पण आता सा ते रे 4, रे ते ग 3, ग ते म 2 अशी मोजणी सुरू होते. वाजवलंस तर बिलावल, सगळे स्वर शुद्ध! एकही आकडा हलला नाही. अंतर स्वराच्या मागचं धरायचं की पुढचं, एवढा एकच निर्णय बदलला आणि शुद्ध स्वरांचं सप्तकच दुसरं झालं. हे कळलं की मग तुझ्या प्राध्यापकांचा कंसाचा हट्ट तुला किस काढणं वाटणार नाही.

0 ते 1 मधली सगळ्यात मोठी संख्या कुठली? चौकोनी कंस असेल, म्हणजे 1 आत असेल, तर उत्तर 1. गोल कंस असेल तर उत्तरच नाही: 0.9 म्हणालीस तर मी 0.99 म्हणेन, आणि हा खेळ संपायचा नाही. बाहेर काढला फक्त एक बिंदू, पण त्याबरोबर 'सगळ्यात मोठी संख्या आहे' हा भरवसाही गेला. बंद अंतरालावर सलग फलन आपली कमाल किंमत गाठतंच. 0 वगळलेल्या अंतरालावर 1 भागिले क्ष हे फलन हवं तेवढं उंच जातं, त्याला छप्पर नाही. प्रमेयाचा सगळा जीव त्या कंसात असतो. शाळेत तू वारंवारिता सारणी करायचीस तेव्हाही हेच होतं: 10-20, 20-30 असे वर्ग असले की 20 गुणवाला मुलगा दुसऱ्या वर्गात टाकायचा. पहिल्यातही टाकलास तर पटावरच्यापेक्षा मुलं जास्त भरतात. सप्तकही असंच आहे. खालचा सा आपला, वरचा तार सा पुढच्या सप्तकाचा; म्हणून स्वर सात, आणि त्यांच्यामधली अंतरंही सातच. सरळ रेषेवर ठिकाणं अंतरांपेक्षा एकने जास्त असतात, फिरून मूळ जागी आलं की दोन्ही सारखी होतात.

गोळ्यांचंही तसंच. डॉक्टर दिवसातून तीन म्हणतात आणि आपण सकाळी 9, दुपारी 1, रात्री 9 अशा जेवणाच्या वेळांना घेतो. तीन गोळ्या, तीन अंतरं: चार तास, आठ तास, आणि रात्रीचे बारा तास, जे कुणीच मोजत नाही. 'दर आठ तासांनी' लिहिलं असेल तर गजर लावूनच घ्यायची.

दुसरा प्रश्न तू विचारलेला नाहीस, पण विचारायला हवा होतास. अंतर वजाबाकीने मोजायचं की भागाकाराने?

36 इंचांची तार घे. सतराव्या शतकात अहोबलाने 'संगीत पारिजातात' वीणेच्या तारेच्या लांबीवरून स्वरस्थानं सांगितली, आणि 36 इंचांचं हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत नेहमी येतं. मोकळी तार सा. निम्म्यावर, 18 इंचांवर, तार सा. 24 वर पंचम, 27 वर मध्यम. आता बघ: 36 पासून 27 पर्यंत नऊ इंच, 27 पासून 18 पर्यंतही नऊच इंच. पट्टीला दोन्ही सारखी. कानाला? पहिल्या नऊ इंचांत सा ते म, दुसऱ्या नऊ इंचांत म ते तार सा, म्हणजे साला पंचम जेवढा दूर तेवढं. श्रुतींत सांगायचं तर आधी 9 आणि मग 13. हे दोन आकडे ओळखीचे वाटतात ना? ज्या दोन स्वरांत 9 किंवा 13 श्रुतींचं अंतर ते एकमेकांचे संवादी, म्हणजे एकमेकांशी जुळणारे, असं भरत सांगतो.

कान वजाबाकी करत नाही, भाग देतो. 36 भागिले 27 म्हणजे 4:3. 27 भागिले 18 म्हणजे 3:2. दोन्हींचा गुणाकार 2, म्हणजे अख्खं सप्तक. स्वरांची अंतरं एकापुढे एक ठेवली की गुणोत्तरांचा गुणाकार होतो, आणि श्रुतींची नुसती बेरीज: 9 अधिक 13, 22. गुणाकाराची बेरीज करून देणारं यंत्र तुला अकरावीपासून माहीत आहे, लॉगरिदम. 1885 साली अलेक्झांडर एलिस यांनी त्याच्याच जोरावर सप्तकाचे 1200 सेंट पाडले. शुद्ध पंचम सुमारे 702, मध्यम 498.

म्हणूनच पेटीचा घोळ. एकावर एक बारा पंचम चढलीस तर सात सप्तकं वर, साजवळ पोचतेस. जवळ म्हणतोय, सावर नाही. दीडचा बारावा घात 129.75 च्या आसपास येतो, दोनचा सातवा घात 128. ही फट बुजायची नाही, कारण 3 चा कुठलाही घात 2 च्या घाताएवढा कधीच होत नाही. आजच्या पेटीवर सप्तकाचे बारा समान भाग करून ती फट सगळ्या सुरांत वाटून टाकली आहे. पंचमाचं जेमतेम दोन सेंट नुकसान, ते कुणाला कळत नाही. शुद्ध गंधार मात्र 14 सेंट चढा. तंबोऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या, तारेतून आपसूक गंधार ऐकू येतो, तो ऐकून पेटीचा गंधार दाबलास तर तुला टोचेल, टोचायलाच हवा. आमच्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांना तो असाच टोचला असणार. त्यांनी आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने गेल्या शतकाच्या सुरुवातीला 22 श्रुतींच्या पेटीचा घाट घातला. भातखंड्यांना तो हिशेब पटला नाही. 1940 साली तर रेडिओने पेटीला दारच बंद केलं, आणि ते बरीच वर्षं बंद राहिलं. मला विचारशील तर ती बंदी अति होती. पण रियाज तंबोऱ्यावर कर, पेटी साथीला ठेव. मोबाइलवरचा तंबोराही चालेल, मात्र त्यातला पंचम शुद्ध आहे की बारा समान भागांतला, ते एकदा तपासून घे.

आता तुझी गॅप.

लोक विचारतात ते वजाबाकीने: 2024 वजा 2023, एक. तू लाजून उत्तर देतेस तेही त्याच वजाबाकीचं. तसं नको. मुलाखतीत दोन टोकांपासून सुरुवात कर. या टोकाला बीएस्सीची पदवी होती आणि विलंबित ख्याल दहा मिनिटं धरवत नव्हता. त्या टोकाला एमएस्सीचा प्रवेश होता आणि यमन, भूप, बागेश्री मांडता येत होते. मधल्या महिन्यांची यादी वाचू नकोस, ऐकणारा कंटाळतो. आणि 'वर्ष वाया गेलं नाही' हे वाक्य तर अजिबात नको. कुणी म्हटलंच नव्हतं, ते तूच सुचवतेस. वर्ष लहान की मोठं, हेही कशाच्या मानाने ते बघून ठरव. तेविसाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा तेविसावा हिस्सा. माझ्या वयाला तेच वर्ष कधी येऊन जातं कळतही नाही. तुझ्या आईला ते वर्ष लहान वाटलं आणि तुला डोंगराएवढं, याचा राग धरू नकोस. दोघी बरोबरच भाग देताय, फक्त छेद वेगळे आहेत.

शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी गॅपचं जे प्रतिज्ञापत्र करायचं, त्याचं म्हणशील तर तिथे मात्र तारखाच चालतात. गॅप पदवीच्या निकालाच्या तारखेपासून धरायची की शैक्षणिक वर्ष संपल्यापासून, हे विभागाच्या लिपिकाला विचारून घे. प्रत्येक ठिकाणची रीत निराळी. 'पासून' आणि 'पर्यंत' दोन्ही लिही. कायद्यातही हा कंसाचा प्रश्न सोडवून ठेवलाय: 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाप्रमाणे (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट) 'पासून' म्हटलं की पहिला दिवस सुटतो, 'पर्यंत' म्हटलं की शेवटचा दिवस धरला जातो. भरताचा स्वर शेवटच्या श्रुतीवर बसतो, तसंच. अर्जाला तीस दिवसांची मुदत दिली असेल तर पत्र मिळालं तो दिवस साधारणपणे सोडूनच मोजतात. तरी शेवटच्या दिवसाची वाट बघू नकोस, त्या दिवशी संकेतस्थळ हमखास बंद असतं. नोटरीकडे जाताना मूळ गुणपत्रिका आणि आधार बरोबर ने, आणि दोन प्रती करून घे, एक घरी राहू दे.

36 इंचांची तार नसेल तर सतारीवर कर. खालच्या घोडीपासून वरच्या मेरूपर्यंत, म्हणजे मोकळ्या तारेच्या दोन टोकांमधली, लांबी मोज, घोडीकडून तिच्या तीन चतुर्थांशावर आणि दोन तृतीयांशावर खडूची खूण कर आणि पडदे तिथेच येतात का ते कळव. जरासे इकडेतिकडे येतील. का येतात, ते आधी स्वतः शोध, मग मला लिही.

तुझे,
सर