नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचा कोड, कार्ड हातात नसताना कसा तपासायचा?

तुमचा प्रश्न असा: खानापूरहून बेळगावला इंजिनिअरिंगला जाता, सी बऱ्यापैकी येतं, सीनियरनं लिनक्स कर्नलमधल्या एका नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचा पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) बघायला दिलाय, पण ते कार्डच जवळ नाही. मग रिव्ह्यू करायचा कसा?

करता येतो की, आणि नीट करता येतो. मी टिळकवाडीत घरी बसून हेच काम करतो. बऱ्याचदा कार्ड माझ्याकडेही नसतं. डेटाशीट, म्हणजे कार्डाच्या चिपची तांत्रिक माहितीपुस्तिका, मात्र मिळवा. उद्यमबागेच्या कारखान्यात जॉब (घडवलेला भाग) तपासणारा माणूस आधी ड्रॉइंग मागतो, मग मायक्रोमीटर उचलतो, तसंच हे. डेटाशीट मिळालीच नाही, तर त्याच कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरवरून बरंच कळतं.

कोड वाचताना एकच प्रश्न धरून ठेवा: या क्षणी ही मेमरी कोणाच्या ताब्यात आहे, सीपीयूच्या की कार्डाच्या?

सुरुवात पॅकेट पाठवणाऱ्या फंक्शनपासून करा. तिथे बफर (पॅकेटची मेमरी) डीएमएसाठी मॅप होतो, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता कार्डाला ती थेट वाचता येईल असा पत्ता मिळतो. मॅपिंग फसलं का, हे लगेच तपासलंय का बघा. फसलं असेल तर पॅकेट सोडून द्यायचं, ड्रॉपचा आकडा वाढवायचा आणि 'ओके'च परत करायचं. 'बिझी' परत केलं तर कर्नल तेच पॅकेट पुन्हा पाठवायला आणतं. म्हणजे पॅकेट फ्री करून वर 'बिझी' म्हटलं, तर फ्री झालेली मेमरी पुन्हा वापरली जाते. हे दोन्ही एकत्र दिसलं की तिथेच थांबा आणि लिहा.

त्यानंतर डिस्क्रिप्टर, म्हणजे पॅकेट कुठे आहे हे कार्डाला सांगणारी मेमरीतली नोंद. पत्ता आणि लांबी आधी भरायची, मग मेमरी बॅरियर (आधीचं लिहिणं आधीच दिसेल याची हमी), आणि डिस्क्रिप्टर कार्डाच्या ताब्यात देणारा मालकीचा बिट सगळ्यात शेवटी. रिअलटेकच्या आर८१६९ ड्रायव्हरमध्ये हा क्रम स्पष्ट दिसतो, तो उघडून शेजारी ठेवा. बॅरियर राहिला तरी इंटेलच्या लॅपटॉपवर बहुधा काहीच बिघडत नाही, कारण तिथे मेमरीत लिहिण्याचा क्रम सहसा पाळला जातो. एआरएमच्या बोर्डावर मात्र कार्ड अर्धवट भरलेला डिस्क्रिप्टर उचलू शकतं. म्हणून 'माझ्याकडे चालतंय' या उत्तरावर समाधान मानू नका. कुठल्या मशीनवर चालवलं ते विचारा.

रिंग, म्हणजे डिस्क्रिप्टरांची गोल यादी, भरली की ड्रायव्हर पाठवायच्या पॅकेटांची रांग थांबवतो. थांबवल्यानंतर जागा झाली का हे पुन्हा एकदा बघितलंय का? त्या मधल्या क्षणी दुसऱ्या कोअरवर सगळी जुनी पॅकेट मोकळी झाली असतील, तर रांग चालू करायला नंतर कोणी येतच नाही. मग काही सेकंदांनी लॉगमध्ये ट्रान्समिट टाइमआउटचा वॉचडॉग (पाठवणं अडकलं का हे बघणारा कर्नलचा पहारेकरी) ओरडतो.

नापी म्हणजे इंटरप्ट बंद ठेवून पॅकेट गठ्ठ्याने उचलण्याची कर्नलची पद्धत. तिच्या पोल फंक्शनमध्ये काम बजेटपेक्षा (एका फेरीच्या मर्यादेपेक्षा) कमी झालं असेल तरच 'कम्प्लीट' म्हणायचं आणि इंटरप्ट उघडायचा. प्रोबमध्ये (कार्ड सापडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) डिव्हाइसची नोंदणी सगळ्यात शेवटी हवी, कारण ती झाली की कोणीही लगेच इंटरफेस वर आणू, म्हणजे चालू करू शकतो. काढताना नोंदणी आधी रद्द. मध्येच काही फसलं तर मागची आवराआवर उलट्या क्रमाने झाली पाहिजे; प्रत्येक गोटू (goto) बोटाने धरून तपासा, हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. स्पेस-टॅबवर वेळ घालवू नका, ते काम चेकपॅच स्क्रिप्ट करते.

शेरा लिहिताना 'हे चूक आहे' एवढंच नको. कोणती घटना आधी, कोणती नंतर, आणि त्यातून काय मोडतं, ते सांगा. समोरच्यानं रात्र-रात्र बसून लिहिलेलं असतं. त्याला दुरुस्तीची वाट दिसली पाहिजे.

कर्नलचा पूर्ण इतिहास कॉलेजच्या नेटवरून उतरवून ठेवा. एखादी ओळ का आली हे गिट ब्लेमनं कळतं, आणि पावसात खानापूरकडे लाईन गेली तरी वाचन थांबत नाही. सरावासाठी क्यूईएमयू (संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) घ्या, त्यात इंटेलचं ई१००० कार्ड नकली मिळतं. कर्नलमध्ये केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं) आणि डीएमए डीबग (मॅपिंगच्या चुका पकडणारं) चालू करा, ड्रायव्हरमधली एक अनमॅपची (मॅपिंग सोडवणारी) ओळ मुद्दाम काढा, ट्रॅफिक चालू असताना इंटरफेस खाली-वर करा, मग मॉड्यूल काढा आणि लॉग काय म्हणतो ते वाचा.